वल्लरीच्या वाचनाची पाळी

अमोलिकांच्या घरात नाताळच्या आदल्या संध्याकाळी फराळाच्या डब्याला कुणी हात लावायचा नाही, अशी रीत होती. आधी वाचन. त्या वर्षी घरातलं जे मूल नव्यानं वाचायला शिकलं असेल, त्यानं सतरंजीवर सगळ्यांच्या मधोमध बसून पवित्र शास्त्रातली ख्रिस्तजन्माची कथा मोठ्यानं वाचायची. मग घरातल्या थोरल्या माणसानं त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि त्यानंतर करंज्या. मूल अडखळलं तर सगळ्यांनी थांबायचं, शब्द पुरवायचा नाही. सुहास लहानपणी ‘गव्हाणी’वर इतका अडला होता म्हणे, की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी त्याचे वडील जागचे हलले नव्हते.

हेमलता सुहासशी लग्न होऊन अमोलिकांच्या नगरच्या घरात आली तेव्हा सासरची ही रीत तिला पहिल्याच वर्षी आवडली होती. आता सासू-सासरे नव्हते, सुहास सरकारी विमान-संशोधनात इंजिनिअर होऊन बंगळुरात आला होता आणि शहाण्णव सालच्या नाताळात वाचनाची पाळी वल्लरीची होती, त्यांच्या सात वर्षांच्या मुलीची.

वल्लरी शाळेत जात नव्हती. म्हणजे गेली होती, आदल्या वर्षीच्या जूनमध्ये. बंगळुरातल्या येलहंक्यात भाड्यानं घर घेतल्यावर चांगली म्हणून जिचं नाव सगळ्यांनी सांगितलं त्याच इंग्रजी शाळेत तिला पहिलीला घातलं. ऑगस्टमध्ये एका दुपारी ती रिक्षातून उतरली तेव्हा तिच्या गळ्यात सुतळीनं बांधलेला पुठ्ठा होता. वर्गात तिनं बाईंना लघवीला जाऊ का म्हणून मराठीत विचारलं होतं. बाईंनी तो पुठ्ठा गळ्यात घालून तिला दिवसभर हिंडवलं, आणि घरी जाताना तो काढायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फ्रॉक ओला होऊन वाळला होता. दारातच तिनं विचारलं, “आई, यावर काय लिहिलंय?”

मी इंग्रजीत बोलत नाही, असं त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी हेमलता शाळेत गेली. मुख्याध्यापिकेनं तिच्यासाठी चहा मागवला आणि गोड आवाजात समजावलं, की बाकीच्या पालकांची तक्रार नाही, लाज वाटली की मुलं भाषा लवकर उचलतात. हेमलतानं लग्नाआधी नगरच्या शाळेत सहा वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले होते. तिनं चहाला हात लावला नाही. वर्गातून मुलीला उठवलं, हाताला धरलं आणि घरी आणलं. वल्लरी त्यानंतर महिनाभर परक्या माणसासमोर तोंड उघडत नव्हती.

तेव्हापासून घरीच शिकणं सुरू झालं. लोक विचारायचे, अजून शाळा मिळाली नाही का? हेमलता सरळ सांगायची, मिळाली होती, आम्ही सोडली. त्यांच्या घरमालकीणबाई, खाली राहणाऱ्या अंबुबाई, मात्र असलं काही विचारत नसत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठी अर्धी कानडीत बुडालेली. “स्वल्प दिवस जाऊ देत, सगळं सरी होतंय,” म्हणजे थोड्या दिवसांत ठीक होईल, एवढंच त्या म्हणाल्या आणि संध्याकाळी वल्लरीला ओट्यावर बसवून कानडी अक्षरं गिरवून घेऊ लागल्या. वल्लरी त्यांना अक्का म्हणायची.

वर्षभरात मुलगी पुन्हा बोलू लागली, वाचू लागली. डिसेंबर उजाडला तसं सगळं शिक्षण स्वयंपाकघरात आलं. रवा भाजायच्या आधी परातीत पसरून धाकट्या अभिराजनं त्यात बोटानं अक्षरं काढायची. सारणाची पाव वाटी, अर्धी वाटी वल्लरीनं मोजायची आणि दोन पाव मिळून अर्धी का होते ते भावाला पटवून द्यायचं. चांदणीच्या कंदिलाला कामट्या बांधताना सुहास कोन शिकवायचा. केकचं मिश्रण घेऊन हेमलता आणि मुलं अशी तिघं जवळच्या अय्यंगार बेकरीत गेली, तर अंड्याचं आम्ही भट्टीत घालत नाही म्हणून त्यांनी परत पाठवलं. मग स्टेशनच्या पलीकडच्या मल्याळी बेकरीपर्यंत डबा सांभाळत चालत गेली. वाटेत वल्लरी दुकानांच्या पाट्या वाचत होती. कानडी भराभर, इंग्रजी जपून जपून. रोज दुपारी ती जन्मकथेचा सराव करायची, आणि ‘गव्हाणी’ आली की पप्पांसाठी मुद्दाम थांबून हसायची.

बावीस तारखेला पुण्याहून दामोदर भाऊजी आणि प्रेमावहिनी आले. दामोदर सुहासपेक्षा चौदा वर्षांनी थोरले. धाकट्या भावाला त्यांनीच शिकवलं, त्यामुळे सुहास त्यांच्यापुढे आवाज चढवून बोलत नसे. पुण्यात एका इंग्रजी शाळेचे ते मुख्याध्यापक होते. हातपाय धुऊन झाल्या झाल्या त्यांनी वल्लरीला जवळ बोलावलं आणि इंग्रजीतून प्रश्न विचारायला सुरुवात केली. आठवड्याचे वार सांग. हत्तीचं स्पेलिंग सांग. वल्लरीनं वार मराठीत सांगितले आणि हत्तीपाशी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला तेच. करंज्या मोजून गणित येत नसतं हेमलता, असं ते पोह्यांची बशी पुढे ओढत म्हणाले. हेमलतानं उत्तर दिलं नाही, कारण सुहासनं तिला आधीच विनवलं होतं. चार दिवसांचे पाहुणे आहेत, सणाचं घर आहे, तू मनावर घेऊ नकोस. तिनं मनावर घेतलं होतंच, फक्त ओठ मिटून घेतले होते.

चोवीस तारखेला दिवेलागणीला गॅलरीत कंदील लागला. सतरंजी अंथरली. वल्लरी नवा निळा फ्रॉक घालून मधोमध बसली. मांडीवर आजोबांचं जाड पुस्तक, आत खूण घातलेली. प्रेमावहिनींनी तिचे केस नीट केले. एवढ्यात दामोदरांनी आपल्या पिशवीतून दुसरं पुस्तक काढलं, लहान, काळ्या पुठ्ठ्याचं, इंग्रजी. तेच वल्लरीच्या मांडीवर ठेवलं आणि आजोबांचं उचलून बाजूला घेतलं.

“ते तुला पाठ झालंय, रोज ऐकतोय मी,” ते म्हणाले. “खरं वाचता येतं ना? मग यातून वाच. कथा तीच आहे.”

वल्लरीनं पानाकडे पाहिलं. मग पप्पांकडे पाहिलं. सुहास खाली बघत होता. आणि हेमलतानं पाहिलं, की मुलीचा उजवा हात हळूहळू वर गेला आणि गळ्यापाशी, फ्रॉकच्या कॉलरखाली, काहीतरी चाचपू लागला. तिथे काही नव्हतं. तरी ती बोटं सुतळी शोधत होती.

“भाऊजी, तिचं पुस्तक तिला द्या,” हेमलता म्हणाली.

दामोदर तिच्याकडे वळले नाहीत. भावालाच म्हणाले, की बघ, मी हेच सांगत होतो, अजून वेळ गेलेली नाही, जानेवारीत ती पुन्हा शाळेत बसायला लागली की सहा महिन्यांत फरक दिसेल.

कुठल्या शाळेत, हेमलतानं विचारलं.

त्याच आधीच्या, ते सहज म्हणाले. तिथल्या मुख्याध्यापिका त्यांच्या ओळखीच्या निघाल्या होत्या. दामोदरांनी पुण्याहून फोन केला होता आणि गेल्या आठवड्यात सुहास स्वतः जाऊन सगळं ठरवून आला होता. सुहासनं तुला सांगितलं नाही होय?

सुहासनं सांगितलं नव्हतं. गेला आठवडाभर तो याच खोलीत बसून मुलीला कंदिलाचे कोन शिकवत होता आणि त्यानं सांगितलं नव्हतं. हेमलताला काही सुचायच्या आत वल्लरी उठली, काळं पुस्तक सतरंजीवर अलगद ठेवून दाराबाहेर गेली आणि जिना उतरताना तिची पावलं ऐकू आली. ती अक्कांकडे गेली होती.

आता हेमलता बोलली. आवाज चढवला नाही, पण थांबलीही नाही. त्या शाळेत काय झालं ते दामोदरांना सुहासनं कधीतरी वरवर सांगितलं होतं, ते तिनं पहिल्यापासून सांगितलं. वाळलेल्या फ्रॉकसकट सांगितलं. ऐकून दामोदर म्हणाले, की असा पुठ्ठा आमच्याकडेही आहे, शिस्तीसाठी लागतो, आणि मुलं असल्या गोष्टी चार दिवसांत विसरतात.

“ती विसरलेली नाही,” हेमलता म्हणाली. “आत्ता तिचा हात कुठे गेला होता ते तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्ही पुस्तकाकडे बघत होतात. आमच्या घरात मूल अडलं तर सगळे थांबतात, ही तुमच्याच वडिलांची रीत. तुम्ही तर तिला सुरूसुद्धा करू दिलं नाहीत. ज्या शाळेनं माझ्या मुलीला लघवीला जाऊ दिलं नाही, तिच्या हाती तुम्ही दोघा भावांनी तिला परत द्यायचं ठरवलंत, आणि वर माझ्या हातच्या करंज्या खायला बसलात.”

दामोदर उठून उभे राहिले. सणाच्या दिवशी थोरल्याशी असं बोलतात का, असं काहीसं ते म्हणू लागले, तोच प्रेमावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या तिथून हळूच बोलल्या.

“रणजीतनं तिसरीत सहा महिने अंथरूण ओलं केलं. तुमच्याच शाळेत होता.”

रणजीत हा त्यांचा मुलगा. दोन वर्षं झाली, अमेरिकेत होता आणि फोन क्वचित करायचा. दामोदर बायकोकडे बघत राहिले. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच भांडी लावू लागल्या.

“खाली जा,” हेमलता सुहासला म्हणाली. “ठरवलं तू आहेस. तिला तूच सांग.”

सुहास गेला. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. खाली अंबुबाईंच्या ओट्यावर वल्लरी दुधाचा पेला हातात धरून बसली होती. सुहास तिच्याशेजारी टेकला. तो बोलू लागणार, तोच अंबुबाई त्याला म्हणाल्या, “आधी तिला दूध पिऊ दे की, मग बोल.” तिचा पेला रिकामा झाल्यावर तो म्हणाला, की तू त्या शाळेत जाणार नाहीस. वल्लरीनं मान हलवली. तो तिच्यावर मेहेरबानी केल्यासारखं बोलला, असं हेमलताला वाटलं आणि तिचा राग तसूभरही उतरला नाही.

त्या संध्याकाळी वल्लरी वाचायला बसली नाही. कुणी तिला म्हटलंही नाही. दामोदरांनी आजोबांचं पुस्तक उघडलं आणि जन्मकथा स्वतः मराठीत वाचली. मुरलेल्या आवाजात, एकदाही न अडखळता. मग डबा उघडला. करंज्या खुसखुशीत झाल्या होत्या. त्या इतक्या छान व्हाव्यात याचाही हेमलताला संताप आला. सव्वीस तारखेला पाहुणे गेले. निघताना दामोदरांनी अभिराजच्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलीचं वाटोळं करू नकोस, एवढंच भावाला सांगितलं.

जानेवारीत शाळा उघडली त्या सकाळी हेमलता सुहासला घेऊन तिथे गेली. नाव काढून घ्यायला तो एकटाही जाऊ शकला असता, पण तिला ते आपल्यासमोर व्हायला हवं होतं. मुख्याध्यापिकेनं कारण विचारलं. सुहास म्हणाला, “घरगुती अडचण...” हेमलतानं त्याचं वाक्य मध्येच तोडलं आणि खरं कारण सांगितलं, आणि दारापाशी उभ्या असलेल्या दोन शिक्षिकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्यांतली एक खाली बघू लागली. बाहेर पडताना व्हरांड्यात एका खिळ्याला तसे चार पुठ्ठे टांगलेले होते. सुहासनं ते पाहिले. त्यानं एकेक करून चारही काढले, मधोमध मोडले आणि काखोटीला मारून फाटकाबाहेर नेले. शिपाई बघत होता. कुणी अडवलं नाही. उद्या नवे पुठ्ठे येतील हे दोघांनाही कळत होतं.

नाताळनंतर त्या दिवशी पहिल्यांदा हेमलता त्याच्या स्कूटरवर मागे त्याला धरून बसली.

त्यानंतर शनिवारी सुहास घरी मुलांना शिकवू लागला. वल्लरीचं इंग्रजी वाचनही सुरू झालं, पाट्यांवरून, औषधाच्या बाटल्यांवरून, कुणीही तोंडाकडे न बघता. पुण्याहून पत्र आलं नाही. ईस्टर जवळ आला तेव्हा सुहास म्हणाला, की दादाला फोन करायला हवा, सणाला आपण नेहमी करतो. हेमलता म्हणाली, कर, मीपण येते.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये दोघं उभी राहिली. दामोदर भावाशी दोन वाक्यं बोलले, तब्येतीचं आणि हवेचं. मुलीचं नाव निघालं नाही. हेमलतानं रिसीव्हर मागून घेतला आणि वहिनींना द्या, असं सांगितलं. ती कामात आहे, दामोदर म्हणाले, काय ते मला सांग.

“तुमच्याशी काम नाही, भाऊजी. मला वहिनींशी बोलायचंय, रणजीतबद्दल. मी थांबते.”

पलीकडे फोन खाली ठेवला गेला नाही. बूथबाहेर एक माणूस ताटकळत होता, त्यानं काचेवर टिचकी मारली. हेमलतानं त्याच्याकडे पाठ केली. सुहास म्हणाला, पुन्हा कधीतरी करू. तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. अखेर पलीकडे बांगड्यांचा आवाज झाला आणि प्रेमावहिनींनी विचारलं, वल्लरी कशी आहे, जेवते ना नीट? मग थोड्या वेळानं, दार लोटून घेतल्याचं ऐकू आल्यावर, त्या म्हणाल्या, “हं, बोल आता. मी ऐकतेय.”