जोतिबाचं कुलूप

"आवं मावशी, माज्या दिरानं खोलीला कुलूप घातलंय. काढून द्याल का?"

शहाण्णव सालचा उन्हाळा. कवठे महांकाळच्या आठवडी बाजारात कुलपं-किल्ल्या मांडून बसलेल्या बायडाबाईपुढं रंगूबाई उकिडवी बसली होती. फौजी नवरा वारला, दिवसकार्य उरकून ती माहेरी काय गेली, थोरला दीर जोतिबा घर बळकावून मोकळा झाला.

बायडाबाईनं कानस खाली ठेवली. धंदा तिनं बापाकडून उचलला होता आणि बापाचा नेमही. कुणासाठीही कुलूप काढायचं तर आत काय आहे ते त्यानं आधी चारचौघांत सांगायचं.

"चल," ती म्हणाली. "पर तितं रडायचं न्हाई."

माळावरची तापली वाट तुडवून दोघी गावात पोचल्या. जोतिबा दारातच उभा. किल्ली कमरेच्या करदोट्याला बांधलेली आणि ती गल्लीला दिसावी म्हणून सदरा वर खोचलेला. आता असल्या गड्याला काय म्हणावं!

"ए बायडे, कुलपाला हात लावलास तर गावात पाऊल ठिवू द्याचा न्हाई."

"बायडाबाई म्हण. तुझ्या गावावाचून माजी चूल अडल्याली न्हाई." ती रंगूबाईकडं वळली. "सांग, आत काय हाय?"

गल्ली गोळा झाली होती. रंगूबाईचा आवाज आधी कापला, मग चढला. "दाराआड ह्यांची फौजेतली काळी पेटी. पेटीवर माजं शिलाई मशीन. चुलीवर तवा पालथा."

बायडाबाईनं वाकडी तार कुलपात घातली, मान तिरकी करून हळूहळू फिरवली. खट्‌कन कडी सुटली. दार उघडलं तर पेटी, मशीन, पालथा तवा, सगळं सांगितल्या जागी.

जोतिबा खो खो हसला. "उगडा की! उद्या ही पाण्याला गेली की पुन्यांदा घालतो. कुलूप माजं हाय."

"तुझंच हाय," बायडाबाई म्हणाली. "तुझं तुलाच देते."

उंबऱ्यावर बैठक मारून तिनं कुलपाच्या रिव्हिटा काढल्या, आतल्या पितळी पट्ट्यांची जागा बदलली, पुन्हा रिव्हिटा ठोकल्या आणि कानशीनं नवी किल्ली घासायला घेतली. ही दुसरी किल्ली करतेय, करू दे, म्हणून जोतिबा कट्ट्यावर बिडी ओढत बसला.

किल्ली झाली. बायडाबाईनं ती रंगूबाईच्या हातात दिली, दार ओढलं आणि कुलूप दाबून लावलं. "घे जोतिबा. तुझं कुलूप काढून ने."

त्याची जुनी किल्ली करदोट्याला. गुडघे वाकवून, पोट दाराला टेकवून जोतिबा डावीकडं फिरवतोय, उजवीकडं फिरवतोय. किल्ली जागची हलेना. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"सरका, भावजी," रंगूबाई म्हणाली. "माज्या दारात हुबं हायसा तुमी."

तिनं आपली किल्ली फिरवली. मग आत जाऊन चूल पेटवली, तवा सरळ केला आणि पिठाचा डबा काढला. "मावशी, भाकरी खाऊनच जायाचं."

बायडाबाई चुलीपुढं मांडी घालून बसली. जेवण होईपर्यंत दार सताड उघडंच होतं, आणि जोतिबा मात्र कट्ट्यावर करदोट्याची गाठ सोडत बसला होता.