डोक्यावरचं टिंब

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या खोलीला आतून कडीच नाही, फक्त बाहेरून आहे. आम्ही पोरी बासऱ्या घेऊन आत गेलो की शिपाई लहानूभाऊ ती लावून टाकतात. मोठ्या बाईंचा हुकूमच तसा. "पोरं दारात गर्दी करतात, मुलींचं लक्ष राहत नाही." म्हणजे बघा, गर्दी पोट्ट्यांनी करायची आणि कोंडून घ्यायचं आम्ही!

पण मी तेही चालवून घेतलं, कारण गोष्टच तशी होती. सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी आमच्या कारंज्याहून वर्ध्याला दरवर्षी मुलांचं ड्रमपथक जातं. यंदा पहिल्यांदाच मोठ्या बाई म्हणाल्या, "शनिवारी मुलींची बासरी ऐकते. पसंत पडली तर मुली जातील, नाही तर नेहमीप्रमाणे मुलं." मी तर त्या दिवशी घरी चालत गेलेच नाही, उड्या मारत गेले.

शिकवायला मिलिटरी बँडमधून रिटायर झालेले प्रेमदास मास्तर आले. मिशा अशा, की बासरी त्यांच्याखाली दिसायचीच नाही. ते सारखे ओरडायचे, "सुर चबाना नहीं, थूकना!" आम्हाला वाटायचं, बासरीत थुंकी जाते म्हणून रागावतात. त्यांनी फळ्यावर मार्चची धून सारेगममध्ये लिहिली, बाजूला 'पुसू नये' लिहिलं, आणि आता वाजवून दाखवणार तेवढ्यात भंडाऱ्याहून तार आली. मुलीचं बाळंतपण. जाताना म्हणाले, "जयवंता देख लेगी."

जयवंता म्हणजे मीच. संगीताची परीक्षा पास झालेली अख्ख्या नववीत मी एकटी.

आता फळ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक स्वराच्या डोक्यावर टिंब होतं.

"हे काय वं?" माझ्या शेजारच्या धुरपतानं विचारलं.

"वर टिंब म्हणजे वरच्या सप्तकातला स्वर, खाली टिंब म्हणजे खालच्या. एवढं पण माहीत नाही तुले?"

परीक्षेच्या पुस्तकात असंच आहे. फक्त एका ठिकाणी घोळ होता. एका 'प'ला वरही टिंब होतं आणि खालीही. एकच स्वर एकाच वेळी माडीवर आणि तळघरात कसा राहील? खडू निसटला असेल म्हणून मी बोटानं खालचं टिंब पुसून टाकलं.

आणि मग सुरू झाले आमचे हाल. बासरीतून वरचा सूर काढायचा म्हणजे जीव खाऊन फुंकावं लागतं. अख्खी धून वर! गाल दुखायचे, कानात दडे बसायचे. आणि तो 'प'! तो तर कोणालाच निघत नव्हता. तिथे पोचलो की सगळ्यांच्या बासऱ्या मांजर चिरडल्यासारख्या किंचाळायच्या. बाहेरून ड्रमवाला ओमप्रकाश ओरडायचा, "ओ, कुकर उतरवा ना! डाळ शिजली!"

हायवेची धूळ नको म्हणून खिडक्याही बंद. आतली तीच तीच हवा आम्ही फुंकायचो आणि तीच परत आत घ्यायचो. दुपार झाली की मला वाटायचं, भिंतीवरचे नकाशेसुद्धा धापा टाकताहेत. आणि तक्रार कोणाकडे करणार? सगळ्यांना वर चढवलं होतं मीच. खाली उतरायची वाट मलाच दिसत नव्हती.

शुक्रवारी आमच्यातली नलू मधातच खाली बसली. ओठ पांढरे.

"जयू, मले गरगरून राह्यलं. दार उघडाले सांग ना."

मी दार बडवलं. पण ते तर पोट्टे रोजच बडवतात, कोण लक्ष देणार? हाका मारल्या, तर बाहेर ड्रम सुरू. शेवटी मी म्हटलं, सगळ्या मिळून फुंका! आम्ही जीव तोडून लांबलचक सूर लावला. दुरून लहानूभाऊंचा आवाज आला, "वाजवा, वाजवा! चालू द्या!"

खरं सांगते, मला रडूच आलं. ओरडावं तर ऐकू जात नाही, आणि वाजवावं तर लोकांना वाटतं प्रॅक्टिस मजेत चालली आहे.

तेवढ्यात बसल्या जागेवरून नलूनंच बासरी तोंडाला लावली. तिच्यात दम कुठे होता? निघाला तेवढाच निघाला. तु. मग थांबली. तु. तु. खालच्या खालीच, तोडून तोडून. आम्हीही थकलो होतो, तसंच वाजवू लागलो. तु. तु. तु.

कडी वाजली. दारात लहानूभाऊ. "काऊन हाका मारून राह्यल्या वो पोरीहो?"

"हाका नाही भाऊ, बासरी होती."

"हट! मले चांगलं ऐकू आलं. ल-हा-नू! ल-हा-नू!"

नलूला व्हरांड्यात बसवलं, पाणी पाजलं. धुरपतानं खिशातली बोरं काढून तिला दिली. नलूनं एक खाल्लं आणि बी थुंकली. थू! बी टणकन पायरीवर.

मी बघतच राहिले. सुर चबाना नहीं, थूकना!

धावत फळ्यापाशी गेले. मास्तरांच्या बँडच्या लिपीत डोक्यावरचं टिंब म्हणजे वर चढा नाहीच! टिंब म्हणजे सुराला धरून बसू नका, बोराच्या बीसारखा टाका आणि मोकळं व्हा. मग सुरांच्या मधात जागा उरते, आणि त्या जागेत श्वास घेता येतो. आणि तो 'प'! त्याची दोन्ही टिंबं खरी होती. खालचा सूर, पण तोडून. मी खडू घेतला आणि पुसलेलं टिंब परत दिलं.

"म्हणजे इतके दिवस तू आमचा जीव उगाच वर टांगून ठेवला?" धुरपता म्हणाली.

"हो."

"आणि म्हणे परीक्षा पास!"

मी खडू खाली ठेवला. म्हटलं, "उद्या खाली वाजवायचं. तोडून."

शनिवारी मोठ्या बाई आत येऊन खुर्चीवर बसल्या. आम्ही वाजवलं. कोणाला चक्कर नाही, 'प' तर असा टपकन पडला की मलाच हसू आलं. पण बाई हसल्या नाहीत.

"गोड आहे. पण आधी केवढं मोठं वाजायचं! आता अगदीच बारीक. वर्ध्याच्या मैदानावर कोणाला ऐकू जाणार? यंदा मुलांनाच पाठवू."

एवढं बोलून त्या उठल्या आणि दार ओढलं. दार उघडेना. लहानूभाऊंनी सवयीनं कडी लावली होती!

"लहानू!" बाईंनी दार वाजवलं. "अहो लहानू!" परत वाजवलं. बाहेर ड्रम सुरू. बाईंच्या कपाळावर घाम आला. बंद खोलीत कसं वाटतं, ते त्यांना आता कळत होतं. मला वाईटही वाटलं आणि थोडं बरंही.

"बाई, आम्ही बोलावू?" मी विचारलं.

मान हलायची वाट न बघता मी पोरींना खूण केली. मार्चची पहिली ओळ. तु. तु. तु-तु. तु.

धावत येणाऱ्या चपला वाजल्या. कडी निघाली. लहानूभाऊंचे हात कोपरापर्यंत पांढरे.

"कुठे होता तुम्ही?"

"झेंड्याच्या खांबाले चुना मारून राह्यलो होतो, बाई."

खांब मैदानाच्या पार त्या टोकाला. बाई दारात उभ्या राहिल्या. खांबाकडे बघितलं, मग ड्रम बडवणाऱ्या ओमप्रकाशकडे, मग आमच्याकडे.

"वर्ध्याचं मैदान याहून मोठं आहे," त्या म्हणाल्या.

मी बासरी पिशवीत घालू लागले.

"पण तिथे मधात दार नसेल. तयारीला लागा."