खालच्या कप्प्यातली डिस्क

पहाडगंजच्या मराठी शाळेत एका बाकावर बसलेली माणसं मोठेपणी एकमेकांची झडती घेत नाहीत. समता तरी अंशुमनची घेत नव्हती. दिल्ली, नोएडा, गुडगावात विखुरलेल्या मराठी माणसांना चार गोष्टी बोलता याव्यात म्हणून दोघांनी 'दूरचा कट्टा' नावाचं संकेतस्थळ काढलं, तेव्हाच ठरलं होतं की कुठल्या बड्या कंपनीच्या दारात जायचं नाही, सगळं लिखाण घरातल्याच एका कॉम्प्युटरवर, आपल्याच मशीनवर ठेवायचं. मशीन अंशुमनच्या इंदिरापुरमच्या फ्लॅटमध्ये राहिलं. तिथे काही बरंवाईट झालं तर सगळंच जाऊ नये, म्हणून त्याची प्रत समताच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये.

दर महिन्याला दोघं कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये भेटायची. अंशुमन ताजी प्रत भरलेली डिस्क द्यायचा, समता आधीची परत करायची. ही देवघेव चालायची दोन कप्प्यांच्या स्टीलच्या डब्यातून, कारण समताच्या आईचा, शीलाबाईंचा नियमच होता, डबा रिकामा जाऊ नये आणि रिकामा येऊ नये. वरच्या कप्प्यात इकडून धपाटे जायचे, तिकडून चिवडा यायचा. खालच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेली डिस्क असायची. घरी आल्यावर समता चिवडा चाखून बघायची आणि डिस्क तशीच कपाटात ठेवायची. मंत्रालयात दिवसभर दुसऱ्यांच्या फायली उलटसुलट करून बघणारी ही बाई, पण आपल्या माणसाने दिलेली वस्तू तपासायची तिला लाज वाटायची. शहाणी माणसं बुडतात ती अशीच.

कट्ट्यावर तिच्या वडिलांचं लिखाण होतं. बबनराव नांदेडहून दिल्लीला कारकुनीत आले, ती सगळी हकिकत त्यांनी निवृत्तीनंतर मोबाइलवर एका बोटाने टाइप करून दर रविवारी कट्ट्यावर टाकली होती. पहिली थंडी, उसनी आणलेली रजाई, हिंदी बोलताना झालेली फजिती. शेवट नेहमी एकच: 'जय भीम, थंडी जपा.' भर उन्हाळ्यातसुद्धा. गेल्या हिवाळ्यात ते गेले. शीलाबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून समता रोज संध्याकाळी त्यातलं एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवायची. एकच. जास्त वाचलं तर संपेल, असं शीलाबाई म्हणायच्या.

मे महिन्यात इंदिरापुरमची वीज गेली आणि परत आली ती इतक्या दाबाने आली की मशीन जळून गेलं. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. कट्टा बंद पडला, लोकांचे फोन सुरू झाले. समता मात्र निर्धास्त होती.

"डिस्क माझ्याकडे आहे ना," ती फोनवर म्हणाली. "रविवारी घेऊन येते."

"अगं, एवढ्या उन्हात कशाला? मी बघतो काहीतरी, यार."

काहीतरी म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. रविवारी शीलाबाईंनी धपाटे भरून दिले आणि ती मेट्रोने निघाली.

अंशुमनच्या बायकोने, हेमांगीने, दार उघडलं, डबा घेऊन आत गेली, डिस्क आणून टेबलावर ठेवली. अंशुमनने चहाचं विचारलं. मग पुन्हा विचारलं. शेवटी समताने स्वतःच डिस्क त्याच्या लॅपटॉपला लावली. आत एकच प्रत होती, दोन वर्षांपूर्वीची.

"ही जुनी आलेली दिसते. दुसरी लाव," ती म्हणाली. दुसरी डिस्क त्याच्याच खणात होती. त्याने ती काढली नाही.

"दोन्हींत तेच आहे," तो म्हणाला. "लोक फोटो टाकायला लागले, प्रत मावेना. मोठ्या डिस्क आणू म्हणत होतो, राहून गेलं."

"मग दर महिन्याला तू मला काय देत होतास?"

"तू इतक्या भरवशाने यायचीस गं. सांगायचं धाडस झालं नाही."

समताने जुन्या प्रतीत वडिलांचं पान शोधलं. बबनराव नवी दिल्ली स्टेशनवर उभे होते, लग्नानंतर पहिल्यांदा येणाऱ्या शीलाची गाडी यायची होती. पुढे काही नव्हतं. गाडी आली, ट्रंकेत ज्वारीचं पीठ घेऊन शीला उतरली, ते सगळं त्या मशीनबरोबर जळालं होतं.

तेवढ्यात हेमांगी चहा घेऊन आली. बिचारीला काही माहीत नव्हतं.

"पण तुझे कट्ट्यावरचे लेख आहेत ना रे?" तिने नवऱ्याला विचारलं. "ते तर तू दर आठवड्याला वेगळे काढून ठेवत होतास, पुस्तकासाठी."

अंशुमन कपाकडे बघत राहिला. समताला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा तिचे कान तापले. विसरला असता तर तिने माफ केलं असतं, आळशीपणाही पोटात घातला असता. पण मशीनचा भरवसा नाही हे याला ठाऊक होतं. आपलं तेवढं सांभाळून यानं दर महिन्याला हसत हसत तिच्या हातात डबा दिला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"बाबांचं तरी काढून ठेवायचंस," ती म्हणाली. "त्यांना काका म्हणायचास ना."

हेमांगी डब्यात चिवडा भरायला लागली, तेव्हा समताने डबा तिच्या हातातून काढून घेतला आणि तसाच पिशवीत टाकला.

संध्याकाळी शीलाबाई दिवा लावून वाचन ऐकायला बसल्याच होत्या. त्यांनी सवयीने डबा उघडला, वरच्या कप्प्यात बोटं फिरवली.

"अगं, रिकामा?"

"हो."

समताने जे घडलं ते सांगितलं. शीलाबाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"अंशुमन असं नाही करायचा. लहानपणापासून बघतेय मी त्याला. फोन कर, त्याने ठेवलं असेल कुठेतरी."

"ठेवलंय, आई," समता म्हणाली. "त्याचं."