धाकटीच्या माहेरचं ऊन

अकरा वर्षं रोज संध्याकाळी सासूबाई थोरल्या सुनेलाच विचारायच्या, "उद्या वाळेल का गं?" थोरली गच्चीवर जायची, वारा गालावर घ्यायची आणि सांगायची. घरची लॉन्ड्री तिच्या त्या एका शब्दावर चालायची. मग धाकटी आली, फोन घेऊन आली, आणि तो प्रश्न थोरलीला न विचारताच धाकटीकडे गेला.

थोरलीही मग नवऱ्याच्या फोनवर गुपचूप शिकली. तास, ढग, टक्के, सगळं. पण विचारतंय कोण?

त्या संध्याकाळी हॉस्टेलची चाळीस ब्लँकेटं आली. तीन दिवसांत द्यायची होती. भिजून कुबट वास लागला, तर गिऱ्हाईक कायमचं गेलं.

"उद्या दिवसभर लख्ख ऊन!" धाकटी म्हणाली.

चादरीची घडी घालता घालता थोरलीने तिच्या खांद्यावरून पाहिलं. पडद्यावर वर नाव होतं ते धाकटीच्या माहेरच्या गावाचं! आईकडचं हवामान बघून पोरगी परत आपल्या गावावर यायला विसरली होती. थोरलीच्या जिभेच्या टोकावर शब्द आला.

"धाकटीचं बोट सोन्याचं गं बाई," सासूबाई म्हणाल्या.

शब्द गिळला. पडू दे तोंडावर, सोन्याच्या बोटासकट.

सकाळी आभाळ निळंभोर होतं. हौद भरला, साबण विरघळला. सासूबाईंनी पदर खोचला, पहिलं ब्लँकेट उचललं. कंबर धरली, पुन्हा उचललं. थोरली चिमटे मोजत बसली होती. दोनदा मोजले, दोनदा चुकले.

"ताई, आज माझ्या आईकडे छप्पर दुरुस्तीला काढलंय हो," धाकटी बाह्या सरसावत म्हणाली. "ऊन आहे म्हणून बरं."

"थांबा, आई!" थोरली ओरडलीच. "भिजवू नका. ते ऊन हिच्या माहेरचं आहे. आपल्याकडे दुपारनंतर पाऊस, ऐंशी टक्के. आज शर्ट उरकू, ब्लँकेटं उद्या."

धाकटीने फोन काढला, पाहिलं आणि जीभ चावली.

"तुला गं कसं कळलं?" सासूबाई म्हणाल्या.

"मीही बघते."

"मग कालच बोलायला काय झालं होतं?"

"मला विचारलं कुणी?"

सासूबाईंनी ब्लँकेट हौदाच्या काठावर टेकवलं. मग म्हणाल्या, "बरं, आता विचारते. ऐंशी टक्के म्हणजे किती जोराचा?"

"जोराचा नाही हो. असं आभाळ दहादा आलं, तर आठदा पडतो. दोनदा हूल देतो."

"अय्या! मला वाटायचं, ऐंशी म्हणजे धो धो," धाकटी हसली. थोरलीला बरं वाटलं. अगदी बोलून दाखवू नये इतकं बरं वाटलं.

"ताई, तिकडचं ऊन तरी खरं ना?" धाकटीने फोन पुढे केला.

थोरलीने तासांवरून बोट फिरवलं. "खरं आहे. अंधार पडेपर्यंत थेंब नाही."

धाकटीचा चेहरा असा उजळला, की ऊन जणू तिथेच पडलं. पडद्यावर दोन गावं होती, एकाखाली एक, इथलं आणि धाकटीच्या माहेरचं. थोरलीच्या माहेरच्या दाराला कुलूप लागून सहा वर्षं झाली होती. तिथे ऊन पडलं काय नि पाऊस पडला काय, तिने कुणासाठी बघायचं?

"धर तुझा फोन," ती म्हणाली, जरा जोरातच, आणि शर्टांचा ढीग पुढ्यात ओढला.