सीलिंगवरचा कॅमेरा

भालचंद्रला आता कशाचंच नवल वाटत नसे. बियाण्याच्या कारखान्यात मशिनींची देखभाल करता करता त्याचे केस पांढरे झाले होते, आणि पांढऱ्या केसांना मान मिळतो म्हणतात ते देऊळगाव राजाच्या बाहेरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तरी खरं नव्हतं. तिथं मान होता तो नव्या लाइनला. पाहुणा आला की मालक उत्तमराव आधी लाइन दाखवत आणि मग चहा विचारत.

लाइन होतीही देखणी. बी मोजणारं मशीन, पाकीट भरणारं, सील मारणारं, खोक्यात ठेवणारं. सगळी एकाच तारेनं जोडलेली आणि सगळ्यांचं घड्याळ एक. कोणी कोणाला निरोप कधी धाडायचा याची वेळ ठरलेली, आणि त्या वेळेला तारेवर दुसऱ्या कोणी बोलायचं नाही. बालाजीच्या आरतीत टाळकरी एका ठेक्यात असतात तशी ती चाले. एकाचा ठेका चुकला की मात्र सगळाच विचका.

आणि हा विचका आता रोजचा झाला होता. सकाळी लाइन शहाण्या पोरासारखी चालायची. दुपारी शेडमध्ये वर्दळ वाढली की सील मारणारा जबडा किंचित उशिरा मिटायचा, पाकीट मधोमध चिरडायचं आणि भेंडीचं बी फरशीवर सांडायचं. सुपरवायझर जीवन हा उत्तमरावांचा सख्खा भाचा. त्यानं खापर फोडायला सीलिंगच्या, म्हणजे सील मारायच्या मशीनपाशी उभी राहणारी पुष्पांजली निवडली.

"बाईचं ध्यानच नसते मशीनवर," तो मामाला म्हणाला. "मधातच हात घालते."

"संध्याकाळपर्यंत कारण सांगा, भालचंद्रराव," उत्तमराव म्हणाले. "नाही तर उद्यापासून तिले घरी बसू द्या."

पुष्पांजली तिथंच उभी होती. तिच्या पगारावर सासू आणि पोरं जगतात हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भालचंद्रला तिची कीव आली. पण कीव करायलाही अंगात जोर लागतो, आणि तो जोर त्याच्यात फारसा उरला नव्हता.

इतके दिवस तो साप सोडून भुई धोपटत होता. मोटारी तपासल्या, जबडे बदलले, कंपनीच्या माणसाला फोन करून करून नाकी नऊ आले. आज दुसरं काही सुचेना म्हणून तो शिडीवर चढला आणि हातानं तार चाचपत निघाला. सीलिंग मशीनच्या वर, पत्र्याच्या पन्हळीत, त्याच्या बोटांना तारा एकत्र जोडायचा एक प्लास्टिकचा डबा लागला. मोबाइलच्या दुकानात मिळतो तसला स्वस्तातला. लाइनची तार तोडून त्यात घातलेली, आणि त्यातूनच एक तार वरच्या कॅमेऱ्याकडे गेलेली.

त्यानं कपाळाला हात लावला. या डब्याला घड्याळ कसलं ते माहीत नव्हतं; जो निरोप आधी येईल त्याला तो आधी सोडत होता. शेडमध्ये वर्दळ वाढली की कॅमेऱ्याचं चित्र जड होई, आणि जबड्याचा निरोप त्याच्या मागं ताटकळत राही.

कॅमेरा तो रोज पाहत होता. मालकानं लावला असेल, असं समजून त्यानं कधी चौकशीही केली नव्हती. त्यानं इलेक्ट्रिशियन हरिओमला बाजूला घेतलं.

"मीच लावला, साहेब," हरिओम खाली बघत म्हणाला. "पुष्पाताईनं सांगतलं होतं."

"कशाला?"

"जीवनभाऊ मशीनपाशी येऊन उभे राह्यते. अंगाले अंग लावून. बाईचे दोन्ही हात मशीनवर, ढकलीन कशी? गेटवरचा जुना कॅमेरा पडेल होता, तो लावून देल्ला. लाल दिवा पाह्यला अन् भाऊ लांब झाले. त्याईले वाटते, मामानंच लावला."

"मग वेगळी तार ओढायची होती ना!"

"नव्या तारीले जीवनभाऊची सही लागते, साहेब."

भालचंद्र शिडीच्या पायरीवर बसला. त्याला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली. आपल्याला घड्याळाची सूक्ष्मातली सूक्ष्म चूक पकडता येते, आणि हे आपल्या नाकासमोर चाललं होतं. खरं कारण सांगितलं तर कॅमेरा जाणार, हरिओमही जाणार. न सांगावं तर पुष्पांजली जाणार. जीवन काही कुठं जाणार नव्हता.

चहाच्या सुट्टीत त्यानं लाइन थांबवली, डबा काढून फेकला, कॅमेऱ्याची तार मुख्य पॅनेलमध्ये घेतली आणि मशिनींच्या निरोपातून जो वेळ उरतो तेवढाच त्याला नेमून दिला. दुपारची वर्दळ झाली. ट्रॉल्या आल्या, गेल्या. पाकिटं सरळ निघत राहिली. उत्तमराव आले तेव्हा फरशी स्वच्छ होती.

"काय होतं?"

"हा कॅमेरा. मीच लावला होता, जबड्यावर नजर ठेवायला," भालचंद्र म्हणाला. "जोडणी चुकली. बाईची काही चूक नाही. आता नीट जोडलाय. आजपासून तुमच्या मोबाइलवर दिसेल."

"म्हणजे एवढं बियाणं तुमच्यामुळं सांडलं? वय झालं तुमचं, भालचंद्रराव!" सगळ्यांसमोर उत्तमराव बरंच बोलले. मग मोबाइलमध्ये स्वतःची टोपी दिसली तसे खूश होऊन निघून गेले. जीवननं एकवार कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तोही बाजूला झाला.

भालचंद्र स्टुलावर टेकला. झालं एकदाचं. घरी जाऊन नुसतं पडायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"साहेब," पुष्पांजली हात न थांबवता हळूच म्हणाली, "खोक्याच्या मशीनवर कॅमेरा कवा लावता?"

"तिथं कशाला?"

"माह्या बहिणीची छकुली असते तिथं. बारावी झाली अन् यंदाच कामाले लागली. आता जीवनभाऊ तिकडंच उभे राह्यते."

त्यानं मान वळवून पाहिलं. पोरगी दोन्ही हात मशीनवर ठेवून, मान खाली घालून उभी होती, आणि जीवन तिच्या अगदी मागं जाऊन उभा होता. तिथं वर नुसता पत्रा होता. तार ओढायला उद्याचा दिवस उजाडला असता. भालचंद्र गुडघ्यावर हात टेकून उठला आणि त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.