भिंतीपलीकडचा मालक

करंजवाडीच्या गिरणीचे मालक दोन होते, पण गावाला दिसायचा एकच. सोनबा पुढं दगडांपाशी उभा असायचा. अंगभर पीठ माखलेलं, तोंड सदा चालू, बायकांच्या पाट्या उतरवून घ्यायचा, धान्य ओतायचा, थट्टा करायचा. रखमाजी मागं, इंजिनापाशी. मध्ये भिंत. भिंतीला एक लांबट भोक ठेवलेलं होतं, त्यातून पट्टा पलीकडं जायचा आणि दगड फिरवायचा. रखमाजीच्या बाजूचं काही पलीकडं जात असेल तर तो पट्टाच.

ही भिंत दोघांनी मिळून घातली होती. निम्म्याहून जास्त दगड रखमाजीनं स्वतःच्या खांद्यावरून आणले, हे कुणी सांगत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

रखमाजी पलटणीत होता. तिथं त्यानं ट्रक दुरुस्त केले आणि डिझेलच्या इंजिनाची नाडी ओळखायला शिकला. चौसष्ट साली तो गावी परतला, तेव्हा वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या वाड्यांना वीज ठाऊक नव्हती. दळायचं तर घरचं जातं, नाहीतर डोक्यावर पाटी घेऊन लांबची पायपीट. अंजनाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, तळहातावरचे घट्टे बघून तो म्हणाला, "हे काम माणसाचं न्हाई, इंजिनाचं हाय." भोरला एका बागायतदाराच्या विहिरीवर जुनं इंजिन गंजत पडलं होतं. पलटणीची पुंजी मोडून त्यानं ते घेतलं, बैलगाडीत घालून आणलं, खोलून धुतलं आणि चालू केलं.

पण नुसत्या इंजिनानं गिरणी होत नाही. रस्त्याकडेला जागा लागते, आणि बौद्धवाड्यातल्या माणसाला रस्त्याकडेची जागा कोण देणार? सोनबानं दिली. दोघं लहानपणी बरोबर गुरं राखायचे. जागा आणि दळायचे दगड सोनबाचे, इंजिन आणि कसब रखमाजीचं, नफा अर्धा अर्धा, असं ठरलं. सगळं ठरल्यावर सोनबा हळूच म्हणाला,

"रखमा, मला काय बी न्हाई, तुला ठाऊक हाय. पर गाव हाय. धान्याला तुजा हात लागला तर एक पाटी यायची न्हाई. मदी भिंत घालू. धंदा बसू दे, मग काढून टाकू."

रखमाजीच्या अंगाची लाही झाली. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्यानं गावकीचं एकही काम केलं नव्हतं, कुणापुढं वाकला नव्हता. आता आपल्याच गिरणीत लपून बसायचं? रात्र तळमळत काढली. पण सोनबा म्हणाला होता, मला काही नाही. त्या शब्दावर तो भिंतीचे दगड उचलायला गेला.

धंदा सहजी बसला नाही. सुरुवातीला दिवसाला एखाददुसरी पाटी यायची. मग रखमाजीनं धुराड्याच्या तोंडावर पत्र्याचा डबा बसवला. इंजिन सुरू झालं की पुकपुक आवाज पार पालीच्या शिवारापर्यंत जायचा, आणि बायकांना घरबसल्या कळायचं की गिरणी चालू आहे. पाट्यांची रांग लागू लागली. डिझेलचे डबे कापूरहोळहून एसटीच्या टपावरून येऊ लागले. पुढं रखमाजीच्याच डोक्यातून भात भरडायचं यंत्र निघालं, आणि सुगीत बैलगाड्या गिरणीपुढं सुटायला लागल्या. नवं जे जे आलं ते भिंतीमागून आलं. नाव मात्र पडलं सोनबाची गिरणी.

चारचौघांत रखमाजी त्याला "अवो सोनबा" म्हणायचा. एकटे असले की "सोन्या". एकटे असले की तो भिंतीचंही विचारायचा. सोनबा म्हणायचा, "ह्या दिवाळीनंतर बगू. गाव अजून तयार न्हाई रं." दिवाळ्या येत राहिल्या. अंजना एकदा चिडून म्हणाली, "गाव गाव म्हंत्यात, त्यो गाव दिसतो तरी कसा? मला येकदा दावा तरी." रखमाजी हसला. सोनबावर शंका घेणं त्याला पाप वाटायचं. गावाचा राग त्यानं जन्मभर पोसला होता, पण त्या रागातून एकच माणूस वगळून ठेवला होता.

बाहत्तरच्या दिवाळीच्या तोंडावर सोनबाला कावीळ झाली. गिरणी दोन दिवस बंद राहिली. तिसऱ्या दिवशी बायका पाट्या घेऊन येऊन बसल्याच. सण दारात आला होता, कुणाची भाजणी, कुणाचं तांदळाचं पीठ. त्यांत धोंडाबाई होती. पाटलांच्या भावकीतली थोरली बाई, तिनं नाक मुरडलं की अख्खी आळी नाक मुरडायची.

रखमाजी मागच्या दारानं निघाला आणि वळसा घालून पुढं आला. बायका असताना तो पुढं कधीच आला नव्हता. पाट्यांपासून लांब उभा राहून तो म्हणाला,

"सोनबा आजारी हायती. वतायला म्याच हाय. चालत आसंल तर थांबा. न्हाई चाललं तर माजा राग न्हाई."

एक तरुण बाई उठली, पाटी डोक्यावर घेऊन चालू लागली. बाकीच्या धोंडाबाईकडं बघत राहिल्या. धोंडाबाईनं पदर सारखा केला.

"आरं मग हुबा काय ऱ्हायलास?" ती म्हणाली. "लेकी यायच्यात माज्या. वत की!"

रखमाजीनं तिची पाटी उचलली. ओतताना चार दाणे खाली सांडले, आणि म्हातारीनं त्यावरूनही चार शब्द सुनावले. ती शिवी त्याला आशीर्वादासारखी गोड लागली. पीठ पडू लागलं. त्यानं डोळे पुसले आणि बायकांना वाटलं, पीठ गेलं असेल. उठून गेलेली तरुण बाई दुसऱ्या दिवशी निमूट परत आली. आळीतली झाडून सगळी घरं चार दिवसांत दळून घेऊन गेली.

ही बातमी सोनबाला कधी एकदा सांगतो असं त्याला झालं होतं. गाव तयार होतं! चौथ्या दिवशी दिवेलागणीला तो लांब ढांगा टाकत सोनबाच्या घरी गेला. सोनबा ओसरीवर घोंगडीवर पडला होता, डोळे हळदीसारखे पिवळे.

"सोन्या, समद्यांनी दळलं," रखमाजी पायरीवर बसत म्हणाला. "धोंडाबाईनं पयली पाटी दिली. तू उगाच भीत व्हतास. बरा झालास की भिंत पाडू."

सोनबानं कूस बदलली. तेवढ्यात घरातला आवाज ऐकू आला. घरघर, घरघर. दळणाच्या धंद्यात सात-आठ वर्षं काढलेल्या माणसाला तो आवाज ओळखायला वेळ लागत नाही. आत जातं फिरत होतं. मग रखमाजीच्या ध्यानात आलं की ह्या चार दिवसांत सगळ्या पाट्या आल्या, सोनबाच्या घरची आली नाही.

"आत काय चाललंय?"

"सणाचं थोडं... हिला जात्याचंच बरं वाटतं," सोनबा आढ्याकडं बघत म्हणाला. "माजं काय न्हाई रखमा, पर गाव..."

"गावानं दळून न्हेलं, सोनबा. तुजंच घर तेवढं ऱ्हायलं."

जातं थांबलं. सोनबाची बायको चंद्राबाई दारात येऊन उभी राहिली. तळहात लालबुंद झाले होते. गिरणी झाल्यापासून तिच्या हातांची सवय मोडली होती.

"भावजी," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं त्याला ह्या नात्यानं कधी हाक मारली नव्हती. "म्या पाटी भरून ठिवली व्हती. ह्यांनीच सांगितलं, जातं काढ."

रखमाजीला राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं. आतून काहीतरी निखळून पडलं आणि तिथं नुसतं दुखत राहिलं. गाव कसा दिसतो ते अंजनानं विचारलं होतं. तो गाव समोर घोंगडीवर पडला होता.

"आदी बरा हो," रखमाजी म्हणाला. "सण हुईस्तोवर गिरणी म्याच चालवतो, लोकांचं दळण आडायला नगं. मग इंजिन वेल्ह्याला नेनार. एस्टी थांबते तितं माजी गिरणी टाकीन."

"आन् ही?"

"दगडं तुजी हायती."

"रखमा, आपुन गुरं राखली रं बरूबर." सोनबा कोपरावर रेलत म्हणाला.

"व्हय. आन् तवा माज्या आयच्या हातची भाकर रोज निम्मी तू खायचास. तवा कुटं व्हता गाव?"

सोनबानं अंगाखालच्या घोंगडीचं टोक तोंडावर ओढलं. घोंगडीखाली तो रडत होता, पण रखमाजीनं त्याला हात लावला नाही. तो उठला. अंगणात पोचला तेव्हा मागून चंद्राबाई आली, कमरेवर भरलेली पाटी घेऊन. नवरा ओसरीवर असतानाच तिनं ती रखमाजीपुढं धरली.

"सकाळच्याला दळून द्या," ती म्हणाली.

त्यानं पाटी घेतली. दिवाळी सरली, आणि इंजिन गाडीत चढलं.