साच्यावरचा बुडबुडा

दातांच्या लॅबमध्ये त्याला सगळे मायक्रॉनराव म्हणत. दवाखान्यातून आलेलं दातांचं माप केसभर जरी चुकलेलं असलं, तरी हा गृहस्थ फोन लावून डॉक्टरांची हजेरी घ्यायचा. "घाईत मापाचं रबर ओढून काढलंत, आता कॅप काय अंदाजपंचे बसवू?" डॉक्टर चिडायचे, पण काम त्याच्याकडेच धाडायचे.

त्या सकाळी ताईचं माप आलं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, आईच्या मागे त्याला वाढवणारी. सहा महिन्यांपूर्वी त्यानंच तिचा डावीकडचा ब्रिज केला होता, आता शेजारच्या दाताला कॅप हवी होती. त्यानं मापात प्लास्टर ओतलं, घट्ट झाल्यावर साचा सोडवला. कामाच्या बाजूला सगळं झकास. पण उजवीकडे, शेवटच्या दाढेमागे, वाटाण्याएवढा उंचवटा आला होता. बुडबुडाच असणार. मापात हवा अडकली की तिथं प्लास्टर भरतं आणि असा फुगवटा येतो. दिवसाला असे दहा तरी तो खरवडायचा. त्यानं सवयीनं पातं टेकवलं आणि हात थांबला.

मागच्या वेळीही इथंच एक होता. मसुरीच्या दाण्याएवढा.

हवा काय पत्ता शोधत त्याच जागी येते?

त्यानं माप भिंगाखाली धरलं. बुडबुड्याचा खळगा आतून गुळगुळीत असतो. हा खडबडीत होता, कातडीच्या बारीक रेषांसकट. घाईघाईनं त्यानं कपाटातला जुना साचा काढला. ती जागा सपाट होती आणि तिच्यावर पात्याचे तीन ओरखडे होते. त्याचेच. जगाच्या चुका काढणारा तो त्या ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिला.

त्यानं ताईला फोन लावला.

"ताई, उजवीकडे शेवटच्या दाढेमागे बोट लाव. काही लागतं?"

"ते होय? लागतं की. बरेच दिवस झाले. दुखत नाही रे."

"मग डॉक्टरांना दाखवलं का नाहीस?"

"मागच्या वेळी विचारणार होते. मग म्हटलं, माप तुझ्याकडेच तर येणार. तुझ्या नजरेतून काही सुटतं का? असतं तर तू बोलला असतासच."

त्यानं दोन्ही साचे पिशवीत टाकले. "आवरून बस. मी येतोय, आत्ताच दाखवायला जायचंय."

"इतकं काय झालं? तेव्हा तुला दिसलं नव्हतं ना?"

"दिसलं होतं, ताई," तो म्हणाला. "मी खरवडून टाकलं."